तिसऱ्या मजल्यावरचे शहाणे संच

४ मार्च, सोमवार

आज दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी लेख पूर्ण झाला. एकशे बारा पानं, बारा वर्षं. वर्षाला साधारण सव्वानऊ पानं पडतात. गणितात हा वेग वाईट नाही.

आजपासून रोजनिशीही सुरू करतोय. उद्या कुणी माझं चरित्र लिहायला घेतलं, तर त्या बिचाऱ्याला ऐन विजयाच्या दिवसांची नोंदच मिळू नये हे बरं नव्हे.

शेवटचं पान टाइपरायटरमधून ओढून काढलं आणि स्वयंपाकघरात जाऊन हिला म्हटलं, "झालं."

"झालं?" ही म्हणाली. "मग टेबल रिकामं करा. गुरुवारी बाबा येताहेत. त्यांची खाट तुमच्या खोलीतच लावावी लागेल."

सासरेबुवा जिन्यावरून घसरले आणि पायाचं हाड मोडलं. ते आता प्लास्टर निघेपर्यंत आमच्याकडे. माणसाला बारा वर्षांनी मोकळा श्वास घ्यायला मिळतो आणि त्याच दिवशी त्याची खोली जाते. असो.

७ मार्च

सासरेबुवा आले. सामान म्हणजे दोन पिशव्या, एक भिंग आणि लाल पेन्सिलींचा डबा. चाळीस वर्षं एका छापखान्यात प्रुफं तपासत होते. रेल्वेची वेळापत्रकं, टेलिफोनच्या डिरेक्टऱ्या, औषधांच्या बाटल्यांबरोबर येतात ते कागद. कानांनी कमी ऐकू येतं, पण डोळे घारीचे. आल्या आल्या माझ्या सर्दीच्या औषधाचा कागद वाचला आणि दोन चुका काढल्या. एक वेलांटीची. दुसरी चूक अशी की, एका ओळीत 'जेवणापूर्वी' होतं आणि दुसरीत 'जेवणानंतर'.

"जावईबापू, नक्की केव्हा घेता हो तुम्ही?" त्यांनी विचारलं.

मी दोन्ही वेळा घेत होतो. ते सांगितलं नाही.

११ मार्च

संचालकांनी बोलावलं. विभागाचे प्रमुख निवृत्त होताहेत, त्या जागेसाठी दोन नावं आहेत: मी आणि भूमितीबाई. भूमितीबाई माझ्या समोरच्या खोलीत बसतात. वक्र पृष्ठभाग शिकवतात आणि वर्गात पोरं हसतात, यावरून त्या विषयाची खोली कळावी.

"तुमचं ते मोठं काम झालं म्हणे?" संचालक म्हणाले.

"झालं."

"छान. किती पानं?"

"एकशे बारा."

"वा!" ते म्हणाले. भूमितीबाईंचा अलीकडचा लेख चौदा पानांचा आहे हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. मुद्दाम बोलायची गरज पडली नाही.

एकच अडचण. नव्या नियमानुसार प्रत्येक संशोधनाचं नाव सामान्य माणसाला समजेल अशा भाषेत नोंदवावं लागतं. कार्यालयातल्या बाईंनी माझ्या विषयाचं भाषांतर करून ठेवलं होतं: 'व्याख्या करण्याजोग्या वास्तव समूहांवर सक्ती'. सक्ती हा शब्द आल्यामुळे कागद आपोआप नैतिकता समितीकडे गेलाय.

संस्थेत माझ्या पाठीमागे मला 'तिसरा मजला' म्हणतात असं आज कानावर आलं. माझं प्रमेयच मुळी तिसऱ्या मजल्याबद्दल आहे. लोकांनी एवढं लक्षात ठेवलंय याचं बरं वाटलं. शिपाई म्हणत होता, "तिसरा मजला आज लवकर आला." त्यावर कार्यालयातल्या बाई म्हणाल्या, "रिकामाच असतो, केव्हाही येईल." तसा मी मंगळवारी आणि गुरुवारी रिकामा नसतो.

१५ मार्च

सासरेबुवांनी घरातलं सगळं छापील वाचून संपवलं. हिच्या स्वयंपाकाच्या वहीतसुद्धा लाल खुणा केल्या. हिने मला बाजूला घेऊन सांगितलं, "त्यांना काहीतरी वाचायला द्या, नाहीतर मी माहेरी जाईन." तिचं माहेर सध्या माझ्याच खोलीत खाटेवर आहे, हे मी बोललो नाही.

लेखाची एक प्रत त्यांच्या हातात दिली. म्हटलं, काना, मात्रा, स्वल्पविराम बघा. त्यांनी विचारलं, "विषय काय आहे?"

सामान्य माणसाला समजावून सांगण्याची माझी हातोटी आहे. सांगितलं की, संख्यांची एक रेघ असते. त्या रेघेवरच्या काही संख्या निवडल्या की तो एक संच. काही संच आपल्याला वाक्यात सांगता येतात. साधं वाक्य असेल तर संच तळमजल्यावर. वाक्यात 'असा कुणीतरी आहे की' आलं, मग 'असा प्रत्येक जण', मग पुन्हा 'असा कुणीतरी', तर वाक्य जितकं वळसे घेईल तितके मजले वर. आता, ज्या संचाची लांबी मोजता येते तो शहाणा संच, येत नाही तो वेडा. खालच्या मजल्यांवर सगळे शहाणे असतात. वर कोण राहतं हे गणिताचे नियम सांगतच नाहीत.

"मग तुम्ही काय केलंत?"

"मी जग बदललं. ज्या जगात तिसऱ्या मजल्यापर्यंत सगळे शहाणे आणि चौथ्यावर एक तरी वेडा, असं जग उभं केलं. त्याला फोर्सिंग म्हणतात, संस्थेच्या कागदावर जिची 'सक्ती' झालीय ती हीच. जगात नव्या संख्या आणायच्या. एकदम येत नाहीत त्या, तुकड्यातुकड्यानं आणायच्या. हा आकडा अमुक, तो तमुक. अशा प्रत्येक तुकड्याला अट म्हणतात. अटी वाढवत न्यायच्या. फक्त एक सांभाळायचं, नवं आणताना जुनी अनंतं कोसळता कामा नयेत."

सासरेबुवांनी विचार केला. "म्हणजे मजकूर वाढवायचा, पण पान फुटू द्यायचं नाही."

मी हसलो. मान डोलावली. अशा माणसांना दुखवू नये.

१९ मार्च

सासरेबुवा लेख उलटा वाचतात! शेवटच्या पानापासून पहिल्याकडे. मी विचारलं तर म्हणाले, "सुलटं वाचलं की अर्थ लागतो. अर्थ लागला की चूक दिसत नाही. डोळा पुढे पळतो."

मी हे जेवताना भूमितीबाईंना मजा म्हणून सांगितलं (संस्थेच्या खानावळीत त्या माझ्याच टेबलावर येऊन बसतात, का कोण जाणे). त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मला एक प्रत देता? मी सुलटी वाचेन."

नाही म्हणालो. प्रमुखपदाची निवड तोंडावर असताना प्रतिस्पर्ध्याच्या हातात लेख द्यायचा म्हणजे हात दाखवून अवलक्षण.

२६ मार्च

त्रेसष्ट खुणा निघाल्या. साठ ठिकाणी स्वल्पविराम नाहीतर ऱ्हस्व-दीर्घ. उरलेल्या तीन ठिकाणी पानाला चिठ्ठ्या चिकटवल्यात:

'पान १७: अटी एका वेळी सांत जागी.'
'पान २३: सांत जागी.'
'पान ४१: गणनीय जागी. कुठलं ठेवायचं?'

माझ्या चरित्रकाराला गणित येत नसेल तर त्याच्यासाठी: सांत म्हणजे मोजून संपणारं. गणनीय म्हणजे एक, दोन, तीन असं मोजत जाता येतं, पण संपत नाही. अटी एका वेळी किती जागांवर लादायच्या त्याचा हा प्रश्न.

टाइप करतानाची चूक. बारा वर्षांत शब्द थोडा इकडेतिकडे होणारच. पान ४१ वरच्या 'गणनीय'वर व्हाइटनर लावला आणि वर 'सांत' लिहिलं. तिन्ही प्रतींवर मिळून तीन मिनिटं.

२७ मार्च

सासरेबुवांनी पान ४१ परत आणून दिलं.

"जावईबापू, आता पुढचं वाक्य लंगडं झालं. इथे म्हटलंय, 'म्हणून अटींची ही न संपणारी उतरंड एका अटीत सामावते, हे उघड आहे.' उतरंड न संपणारी आणि जागा मोजून संपणाऱ्या. मावणार कशी?"

"बाबा, ते उघड आहे."

"कुणाला?"

मी म्हटलं, गणितात 'उघड आहे' हा एक तांत्रिक शब्दप्रयोग आहे. त्यांनी मान हलवली आणि 'उघड' या शब्दाखाली बारीक लाल रेघ मारली.

२ एप्रिल

नैतिकता समितीचं पत्र आलं. 'सदर प्रकल्पात सक्ती कोणावर करण्यात येणार आहे? त्यांची लेखी संमती घेतली आहे काय?'

उत्तर लिहिलं: 'संख्यांवर. संख्यांची संमती घेण्याची पद्धत अस्तित्वात नाही.'

५ एप्रिल

प्लास्टर निघालं. डॉक्टरांनी सासरेबुवांना काठी घेऊन रोज पोस्टापर्यंत चालायला सांगितलंय. एका दगडात दोन पक्षी: नियतकालिकाला पाठवायची प्रत पाकिटात घालून, पत्ता लिहून, तिकिटं लावून त्यांच्या हातात दिली. म्हटलं, रजिस्टर करू नका, रांगेत उभं राहावं लागेल, साध्या टपालानं टाका.

"आणि माझी शंका?"

"ती छपाईची चूक होती. दुरुस्त केली ना?"

ते पाकीट घेऊन गेले. यायला तासभर लागला. हल्ली जरा विसराळू झालेत. पोस्टात गर्दी होती का विचारलं, तर म्हणाले, "बघितलं नाही."

९ एप्रिल

नैतिकता समिती: 'पद्धत अस्तित्वात नसल्यास विकसित करावी.'

१८ एप्रिल

आज निवड समितीसमोर व्याख्यान. बाहेरून आलेले तज्ज्ञ पहिल्या रांगेत. फार मोठा माणूस. माझं म्हणणं त्यांनी बराच वेळ डोळे मिटून ऐकलं. तिसऱ्या मजल्यापाशी आलो तेव्हा त्यांची मान छातीवर टेकली होती, इतके ते विचारात गढले होते.

संचालकांनी लेखाची प्रत हातात घेऊन तोलून पाहिली आणि शेजाऱ्यांकडे दिली. त्यांनी ती पुढच्याकडे दिली. अशी ती पाच हातांतून फिरून माझ्याकडे परत आली, तेव्हा तिची एकही घडी मोडली नव्हती. लेखाबद्दल केवढी ही काळजी!

प्रश्न एकच आला, तोही भूमितीबाईंकडून. "अटी एका वेळी किती जागांवर घालता?"

मी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता परत ठेवला. का ते कळलं नाही. मग मी म्हणालो, "सोयीप्रमाणे."

सभागृह हसलं. तज्ज्ञांनी डोळे उघडून टाळी वाजवली. भूमितीबाई खाली बसल्या आणि वहीत काहीतरी लिहून त्यावर काट मारली.

चहाच्या वेळी संचालकांनी माझा हात दाबला. दहा मेला जाहीर करणार. प्रमुख मी!

२३ एप्रिल

घराची किल्ली विसरलो आणि सासरेबुवा फिरायला गेलेले, म्हणून हिच्या कामाच्या जागी गेलो. ही दातांच्या कवळ्या बनवते. पंचवीस वर्षं बनवतेय, पण मी तिथे दहा मिनिटांहून जास्त कधी थांबलो नसेन. आज थांबावं लागलं, कारण हिचे दोन्ही हात मेणात होते.

टेबलावर दोन कवळ्या होत्या, एक वरची, एक खालची. दोन्ही सुबक. मी म्हटलं, "छान झालीय जोडी."

"जोडी कुठली? त्या दोन वेगळ्या माणसांच्या आहेत. टेबलावर काय, कशाही छान दिसतात. तोंडात घातल्या की दात दातावर बसायचा नाही."

"मग कळतं कसं?"

"चावायला सांगायचं," ही म्हणाली. "चावल्याशिवाय कसं कळेल? बाबा म्हणत होते, तुमचं पान सतरा आणि पान एक्केचाळीस..."

"बाबांना त्यातलं काय कळतं!"

हिने किल्ली दिली. मेण लागलं होतं तिला.

२९ एप्रिल

दहा तारखेच्या भाषणासाठी पान ४१ सोप्या शब्दांत लिहायला बसलो. सकाळी नऊला. आता दुपारचे चार वाजलेत.

३० एप्रिल

पान ४१.

१ मे

लिहून टाकतो. चरित्रकारानं हे पान वगळलं तरी चालेल.

उतरंड मावत नाही. न संपणारी उतरंड, तिच्यातली प्रत्येक अट मोजक्या जागांवर, पण सगळ्या मिळून न संपणाऱ्या जागांवर. त्यांची एक अट करायची तर ती 'सांत' राहत नाही. म्हणजे ४१ साठी 'गणनीय' हवंच. आणि 'गणनीय' केलं की पान २३ पडतं, आणि २३ वर पुढची सगळी पानं उभी आहेत. बारा वर्षं मी २३ लिहिताना एक शब्द डोक्यात धरला आणि ४१ लिहिताना दुसरा. दोन्ही पानं सुबक आहेत.

'सांत'च ठेवून पुढे गेलो तर काय होतं तेही आज काढलं. न मोजता येणारं पहिलं अनंत कोसळतं, मोजता येण्याजोगं होऊन बसतं. मी निघालो होतो सर्वांत काटकसरी जगापासून, जिथे लागेल तेवढंच असतं. त्यात असं कोसळलं, की सगळ्या संख्यांना एका रांगेत उभं करता येतं, आणि त्या रांगेतून वेडा संच बाहेर पडतो. तिसऱ्या मजल्यावरही नाही, दुसऱ्याच मजल्यावर.

टेबलावरून उठलो. चहा सांडला. हिने फडकं आणून पुसला.

मग मनात आलं, ते प्रामाणिकपणे लिहितो. कुणी वाचलेलं नाही. तज्ज्ञांनी नाही, संचालकांनी नाही. भूमितीबाईंना संशय आहे, पण प्रत नाही. नऊ दिवसांनी मी प्रमुख. लेख छापून आला की लोक त्याचा उल्लेख करतील, वाचणार नाहीत. मी स्वतः ज्यांचा उल्लेख केलाय त्या एकतीस लेखांपैकी नऊ वाचलेत.

पण नियतकालिकाकडे गेलेली प्रत! तिथे एखादा वाचणारा निघाला तर? तिकडून नाचक्की होण्याआधी आपणच लिहावं, म्हणून पत्ता शोधू लागलो. सासरेबुवांनी विचारलं, "काय शोधताय?" सांगितलं. ते उठले, गादी उचलली आणि पाकीट काढून माझ्यासमोर ठेवलं. जसंच्या तसं. तिकिटांसकट.

"तुम्ही टाकलंच नाहीत?"

"पेटीपर्यंत नेलं. पण शंका बाकी होती ना. आमच्याकडे शंका बाकी असली की पान मशीनवर जात नसे. 'छापण्यास हरकत नाही' अशी सही माझी असायची, जावईबापू. मालक ओरडले तरी नाही द्यायचो."

मी भयंकर संतापलो. दुसऱ्याचं टपाल दाबून ठेवणं हा गुन्हा आहे, विश्वासघात आहे, आश्रयाला आलेल्या माणसानं असं करावं, वाट्टेल ते बोललो. त्यांना बरंचसं ऐकू आलं नसावं. ते शांतपणे म्हणाले, "आता टाकू का? तुमची शंका फिटली असेल तर सही मी करतो."

मी पाकीट परत घेतलं. टाका म्हणालो नाही. राग अजून गेलेला नाही, पण तो कुणावर आहे हे नीट सांगता येत नाही.

३ मे

संचालकांकडे गेलो. म्हटलं, प्रमेय चुकलंय, नाव मागे घेतो.

"कितपत चुकलंय?"

"खोटं आहे."

"एकशे बाराच्या एकशे बारा पानं?"

"पहिली बावीस ठीक आहेत."

"मग!" त्यांचा चेहरा खुलला. "हे बघा प्रोफेसर, सभागृह सांगून झालंय. तुमच्या नावाची पाटी रंगवून झालीय. तज्ज्ञांचा अहवाल आलाय, 'निर्दोष' म्हणतात. आता तुम्ही चूक आहे म्हणायचं म्हणजे तज्ज्ञांचा अपमान नाही का? तुम्ही थकलायत. दहा तारखेपर्यंत विश्रांती घ्या."

बाहेर आलो तर माझी पाटी भिंतीला टेकवून ठेवली होती. रंग अजून ओला होता.

घरी येऊन हिला विचारलं, "काय करू?"

ही म्हणाली, "एकदा एका बाईंना मी चुकीची कवळी दिली होती. कळलं तेव्हा त्या घरी गेल्या होत्या. मी त्यांच्या घरी जाऊन परत मागितली. त्या जेवत होत्या हो! तोंडातली काढून द्यावी लागली त्यांना."

"चिडल्या असतील."

"खूप. पण मी तिथेच बसून दुसरं माप घेतलं. अजून येतात माझ्याकडेच."

पंचवीस वर्षांत हे मला कधी सांगितलं नव्हतं. म्हणाली, "तुम्ही विचारलं नाहीत."

१० मे

फुलं, माईक, पहिल्या रांगेत ही आणि सासरेबुवा. संचालकांनी माझ्या बारा वर्षांच्या तपश्चर्येबद्दल चौदा मिनिटं भाषण केलं. मग मी उभा राहिलो आणि एका दमात म्हणालो, "माझं प्रमेय चुकीचं आहे. चूक पान एक्केचाळीसवर आहे. ती या माझ्या सासऱ्यांनी काढली. मी ती व्हाइटनरनं झाकली."

टाळ्यांचा कडकडाट झाला!

मला वाटलं, ऐकू गेलं नाही. पुन्हा म्हणालो. पुन्हा टाळ्या. तज्ज्ञ उठून माझ्याजवळ आले आणि माईकमध्ये म्हणाले, "एवढा मोठा माणूस आणि एवढा विनय!" काही लोक उभे राहिले. कुणीतरी डोळे पुसले.

टाळ्या वाजवत नव्हती अशी तीनच माणसं होती. ही, सासरेबुवा आणि भूमितीबाई. भूमितीबाई उभ्या राहिल्या आणि टाळ्या थांबेपर्यंत उभ्याच राहिल्या. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे प्रमेय खोटं आहे? साध्या, रोजच्या अर्थानं खोटं?"

"हो," मी म्हणालो. "साध्या अर्थानं."

मग मात्र चुळबुळ सुरू झाली. खुर्च्या करकरल्या. संचालक म्हणाले, "चहा बाहेर ठेवलाय," आणि सभागृह दोन मिनिटांत रिकामं झालं. चहाजवळ माझ्याशी कुणी बोललं नाही. भूमितीबाईंनी माझा कप भरून आणून दिला आणि विचारलं, "दुसऱ्या मजल्यावर येतो का वेडा?"

त्यांना हे न वाचता कळलं होतं. मला भयंकर अपमान वाटला. चहा घेतला.

१४ मे

प्रमुखपद भूमितीबाईंना. मला पहिल्या वर्षाचे वर्ग, तेही सगळे सकाळचे, फाटकाजवळच्या खोलीत. बारानंतर मला काहीच काम ठेवलेलं नाही. हा उघड सूड आहे. तेवढ्यातल्या तेवढ्यात एक सोय अशी की, सासरेबुवांना दुपारी व्यायामासाठी दवाखान्यात न्यायचं असतं, ते आता मला जमेल.

लोक मला अजून 'तिसरा मजला' म्हणतात. शिपाई काल थेट तोंडावर म्हणाला आणि मग त्यानं जीभ चावली. मी म्हटलं, "दुसरा म्हण आता." तो हसला. मला वाटतं, एवढ्या वर्षांत तो माझ्यासमोर पहिल्यांदाच हसला.

२२ मे

नैतिकता समितीची मंजुरी आली. 'सदर संख्यांवर एक वर्षापुरती सौम्य सक्ती करण्यास हरकत नाही.'

९ जून

अठरा दिवस एक अक्षर लिहिलं नव्हतं. वर्गात पोरं प्रश्न विचारतात. काल एकीनं विचारलं, "सर, 'उघड आहे' म्हणजे किती उघड?" मी फळ्याकडे वळलो आणि ते उघड करायला मला वीस मिनिटं लागली. ती वीस मिनिटं बरी गेली.

३० जून

दोन पानांची टीप लिहिली. नाव: 'या वाटेनं जाता येत नाही'. काय करू पाहत होतो, कुठे कोसळतं, का कोसळतं, आणि दुसऱ्या मजल्यावरचा वेडा कसा सापडतो. बस्स. कुठेही 'उघड आहे' नाही. बारा वर्षांची दोन पानं, म्हणजे सहा वर्षांना एक. बारीक अक्षरात केली तर दीडच होतील.

भूमितीबाईंना स्वतःहून वाचायला दिली. त्यांनी दुसऱ्या पानावरची एक पायरी सोपी करून दिली. मी आभार मानले. तळटिपेत त्यांचं नाव घालू का विचारलं तर म्हणाल्या, "तुमच्या सासऱ्यांचं घाला."

सासरेबुवांनी ती तीन वेळा वाचली. दोनदा उलटी, एकदा सुलटी. मग खाली बारीक अक्षरात सही केली. मी तळटीप दाखवली. ते भिंग लावून ती वाचत बसले. वाचायला दीडच ओळ होती, पण त्यांनी बराच वेळ लावला.

१७ ऑक्टोबर

साडेतीन महिन्यांनी लिहितोय. टीप गेल्या महिन्यात छापून आली. संचालकांनी विचारलं, "एवढीच?"

आज एक पत्र आलं. फार लांबून, नाव कधी ऐकलेलं नाही अशा एका बाईंचं. त्या लिहितात की, चार वर्षं त्या याच वाटेनं चालल्या होत्या, साठ पानं झाली होती. त्यांनाही वाटत होतं की मधली ती पायरी सहज पार होते. माझी टीप वाचून त्यांनी पान चाळीसपासून पुढे सगळं बाजूला ठेवलं. पुढे लिहिलंय, 'दोन दिवस तुमचा फार राग आला. तिसऱ्या दिवशी दुसरी वाट दिसली. तुम्ही वाचवलेली वर्षं मी तिच्यावर घालवणार आहे.'

जेवताना पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं. ही पाणी ओतत होती, ती तांब्या हातात धरून तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "पुन्हा वाचा." पुन्हा वाचलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. का ते मला नीट कळलं नाही. पत्र तसं तांत्रिकच आहे.

सासरेबुवांना अर्धंच ऐकू आलं. "काय म्हणतात बाई?" त्यांनी विचारलं.

ही त्यांच्या कानाशी वाकून ओरडली, "उपयोग झाला म्हणतात!"

"कशाचा?"

"चुकीचा!"

"हां," सासरेबुवा म्हणाले. "मग ठीक आहे." आणि हसायला लागले. हीही हसायला लागली. दोघांचं हसू अगदी सारखं आहे, हे आजवर माझ्या लक्षात आलं नव्हतं.

मी घसा साफ केला. सांगणार होतो की, उपयोग झाला तो चुकीचा नव्हे, चुकीच्या सिद्धतेचा, आणि या दोन गोष्टींत फरक आहे. पण दोघं हसत होती. राहू दिलं.